हॉटेलच्या पेटीतल्या बांगड्या

भाकरी थापण्याचे आवाज दोन असतात. एक नुसता थप-थप, ओल्या पिठावर तळहाताचा. दुसरा त्याच थप-थपीला धरून येणारा काचेचा किणकिणाट. मी सातवीत जाईपर्यंत आमच्या घरात दुसरा आवाज होता. मग तो थांबला. पुढे काही वर्षांनी तो मला पुन्हा ऐकू आला तो घरात नव्हे, कोल्हापुरात शाहूपुरीतल्या एका हॉटेलात, एसीच्या गारव्यात, पुण्या-मुंबईचे पाहुणे मोबाइल उंच धरून व्हिडिओ काढत असताना. त्या हॉटेलबद्दल मी एकदा पत्रक लिहिलं होतं. पत्रकाचा नियम असा, की पहिल्या ओळीत शत्रूचं नाव घ्यायचं आणि शेवटच्या ओळीत मागणी करायची. मधे दया दाखवायची नाही. माझा हात त्यातच तयार झालेला आहे. चळवळीतली मंडळी मला म्हणतात, आत्मकथन लिहायचं हे वय नव्हे, अजून दहा मोर्चे काढ आणि मग बस लिहायला. असेल. पण आई आहे तोवर लिहून तिला वाचून दाखवायचं, तर आत्ताच लिहायला हवं.

आम्ही मंगळवार पेठेत एका पिठाच्या गिरणीमागच्या खोलीत राहायचो. गिरणी सकाळी सुरू झाली की आमची भिंत थरथरायची, आणि फळीवरचा पेला हळूहळू सरकत कडेला यायचा. तो पडायच्या आत आई न बघता हात लांब करून मागे सरकवायची. दप्तरावर, उशीवर, देवाच्या फोटोवर पिठाची बारीक साय असायची. कॉलेजात मैत्रिणी म्हणायच्या, रूपा, पावडर लावलीस काय गं? मी म्हणायची, ज्वारीची लावलीय. त्याआधी आम्ही पेठ वडगावजवळच्या गावात होतो. बाबा गुळाच्या गाडीवर ड्रायव्हर होते. हायवेवरच्या अपघातात गेले. त्याबद्दल इथं एवढंच. मात्र त्यानंतरची एक गोष्ट सांगितली पाहिजे. आईच्या हातातल्या बांगड्या दगडावर फोडल्या त्या आत्यानं, बाबांच्या थोरल्या बहिणीनं. फोडताना ती स्वतः हमसून रडत होती. एक काच आईच्या मनगटात घुसली, तिचा वण अजून आहे. मी समोर उभी होते. पुढच्या माझ्या सगळ्या पत्रकांतला राग त्या दगडापासून निघालेला आहे, हे मला पत्रकं लिहून लिहून कळलं.

बाबा आईला वडगावच्या बाजारात बांगड्या भरायला घेऊन जायचे. बाकीचे पुरुष लांब चहाच्या गाड्यावर थांबायचे, हे मात्र कासाराच्या पुढ्यात उकिडवे बसायचे आणि सूचना करायचे. "सैल भरा वो. कामाचा हात हाय, अडकाय नको." कासार म्हणायचा, "बांगड्या तुमाला भरायच्यात का त्यास्नी?" आई पदरात हसायची. बाबांची हीच एक हौस मला लख्ख आठवते.

हॉटेल आलं ते हौसाक्कामुळे. हौसाक्का आमच्या शेजारच्या खोलीत राहायची, मूळची निपाणीकडची, त्यामुळे तिचं निम्मं बोलणं कानडी आणि निम्मं शिव्या. ती आधीपासून तिथं कामाला होती. त्या हॉटेलच्या मालकांची सांगली, बेळगाव, रत्नागिरी अशी गावोगाव हॉटेलं होती. तिथले लोक त्याला 'ग्रुप' म्हणत. सोमवार ते शुक्रवार पाहुणे म्हणजे फाउंड्रीतले ओतीव सुटे भाग घ्यायला येणारे, चांदीवाले, औषध कंपन्यांची पोरं. शनिवार-रविवार अंबाबाईला आणि पन्हाळ्याला आलेली कुटुंबं. ग्रुपनं सगळ्या शाखांत जेवणाच्या हॉलमधे एक कोपरा काढला होता: शेणानं सारवल्यासारखा रंग दिलेला ओटा, मातीची चूल, काठवट, आणि चुलीपुढे नऊवारीतल्या दोन बायका गरम भाकऱ्या थापणाऱ्या. चुलीत खाली गॅसची शेगडी होती. बाहेर डोकावणारी लाकडं शोभेची, वॉर्निश मारलेली. हौसाक्का म्हणायची, "चूल बी सोंग, आमी बी सोंग. भाकरी तेवढी खरी."

कामाला लागायच्या दिवशी मॅनेजर शिंदेसाहेबांनी आईपुढे एक पत्र्याची पेटी उघडली. हेड ऑफिसकडून आलेली. सगळ्या शाखांना एकसारखी. हिरवी नऊवारी, मोत्याची नथ, काळे मणी, चंद्रकोरीच्या टिकल्यांचं पाकीट आणि हिरव्या काचेच्या बांगड्या. आई मागे सरकली. हे सगळं तिनं मला घरी येऊन सांगितलं, हौसाक्काच्या नकलांसकट.

"साहेब, मी न्हाय घालू शकत हे."

"का हो मावशी? ड्रेस कोड आहे."

"मालक न्हाईत मला."

शिंदेसाहेब गोंधळले. माणूस वाईट नव्हता. फक्त हेड ऑफिसनं पाठवलेल्या पेटीत विधवेसाठी काहीच नव्हतं. तेवढ्यात हौसाक्का आत आली आणि म्हणाली, "शालन, नाटकातला राजा घरी जाऊन राज्य करतोय व्हय गं? घाल. सुटी झाली की काढ. घरात पोरगी शिकतीया तुझी." आईनं घातलं. पेटीतल्या बांगड्या मुद्दाम मोठ्या मापाच्या होत्या, कुणाच्याही हातात जाव्यात म्हणून. आईचा हात लहान. बांगड्या घसरून पिठात बुडायच्या, म्हणून ती त्यांना दोऱ्यानं एकत्र बांधून वर कोपराकडे सरकवायची.

मग हेड ऑफिसच्या एक मॅडम बोलायचं शिकवायला आल्या. त्यांनी आमच्या आईला आणि हौसाक्काला कोल्हापुरी शिकवली! "म्हणा, या पावणं, जेवाय बसा." हौसाक्कानं विचारलं, "पावणं जेवत असतील तर बी म्हणायचं?" मॅडम म्हणाल्या, स्माइल करून म्हणायचं. आमच्याकडच्या बायका 'मी आलो, मी बसतो' म्हणतात, ते मॅडमना चूक वाटलं. तेवढी कोल्हापुरी त्यांना नको होती. घरी येऊन हौसाक्कानं आमच्या खोलीत ते शिक्षण करून दाखवलं, तेव्हा आई इतकी हसली की तिला ठसका लागला. बाबा गेल्यानंतर मी तिला तसं हसताना पहिल्यांदा बघत होते.

कॉलेज सुटलं की मी हॉटेलच्या मागच्या फाटकातून आत जायची. भाजीचे टेम्पो यायचे ते फाटक. स्वयंपाकघरातून तांबड्या रश्श्याचा वास छातीत भरायचा आणि खोबरं वाटायच्या यंत्राचा घरघराट चालू असायचा. कामगारांना जेवण मिळायचं, पण रस्सा नाही. पातळ आमटी आणि भात. दिवसभर ज्यांच्या हातची भाकरी पाहुणे बोटं चाटत खात, त्या बायकांनी आमटी-भात खायचा! या एका वाक्यावर मी पुढं पत्रकात चार उद्गारचिन्हं दिली होती. आई मात्र पिठाच्या शेवटच्या गोळ्याची एक छोटी भाकरी थापून माझ्यासाठी फडक्यात बांधून ठेवायची. आम्ही दोघी फाटकाजवळच्या पायरीवर बसून ती लसणाच्या चटणीशी खायचो. कोइमतूरहून दर महिन्याला येणारा एक फाउंड्रीचा गिऱ्हाईक होता. तो चुलीपुढे येऊन "अम्मा" म्हणून नुसता हात पुढे करायचा. ग्रुपनं शिकवलेलं 'पावणं' आई त्याला कधी म्हणाली नाही. "बाळा" म्हणायची.

कपडे बदलायच्या खोलीत मी तिची वाट बघत बसायची, तेव्हा एक गोष्ट माझ्या नजरेत यायची, पण डोक्यात शिरत नव्हती. आधी नथ काढायची. मग काळे मणी. मग टिकली काढून खोबरेल तेलानं कपाळ पुसायचं. तरी तिथं एक फिकट चंद्रकोर उरायचीच. नऊवारी सोडून आपलं पातळ नेसायचं. आणि सगळ्यात शेवटी दोरा सोडून बांगड्या, एकेक करून, आवाज न करता पेटीत. कधी कधी त्या हातात असतानाच ती डबा भरायची, माझी वेणी सारखी करायची, हौसाक्काशी बोलत बसायची. हौसाक्का दारातून ओरडायची, "आगं ए, सोंग उतरव की!" आई म्हणायची, "व्हय, व्हय. घाई काय हाय?"

तोपर्यंत मी कष्टकरी बायकांच्या संघटनेत शिरले होते. पत्रक लिहायचं काम माझ्याकडे आलं होतं, कारण माझं अक्षर मोठं आणि आवाज त्याहून मोठा. मी हॉटेलवर पत्रक लिहिलं. मथळा होता, 'आमच्या आया म्हणजे देखावा नव्हे!' तासन् तास मांडी घालून बसणाऱ्या बायकांच्या पाठीला टेकायला काही नाही, त्यांना स्वतः शिजवलेलं अन्न मिळत नाही, त्यांच्या अंगावर त्यांना न विचारता वेष चढवला जातो. नथ, मणी आणि हिरव्या बांगड्यांची बळजबरी बंद करा. आजही त्यातल्या पहिल्या तीन मुद्द्यांच्या पाठीशी मी उभी आहे. छापायला देण्याआधी आईला वाचून दाखवलं. ती तांदूळ निवडत ऐकत होती.

"लई वरडतीस गं कागदावर," ती म्हणाली.

"खोटं आहे का काही?"

"खोटं न्हाय. वाट की. माझं काम गेलं तर जाऊ दे." तिनं एक खडा बाजूला टाकला. "तेवढी बांगड्यांची वळ काढ."

"का?"

"काढ म्हणतो न्हवं."

"अगं, तोच तर मुद्दा आहे! विधवेला बांगड्या घालायला लावायच्या आणि पुन्हा उतरवायला लावायच्या, ही कुठली रीत? बाईनं काय घालायचं ते बाईनं ठरवावं!"

"मग मी ठरवतो, ती वळ नगं," आई म्हणाली आणि सूप घेऊन उठली.

मी धुसफुसत ती ओळ काढली.

त्या शनिवारी संध्याकाळी छापलेली पत्रकं पिशवीत घेऊन मी मागच्या फाटकातून आत गेले. आईची सुटी व्हायची होती. तिला घेऊन बाहेर पडायचं आणि पुढच्या दारात उभं राहून वाटायचं, असा बेत. वरच्या हॉलमधे एका लग्नाचं रिसेप्शन होतं. वडगावचे व्यापारी. पाहुणे खाली भाकरीच्या कोपऱ्यापुढे रांगेत उभे होते, आणि मी वाढप्यांच्या दारातून बघते तर रांगेत पुढे आत्या. जरीचं पातळ, हातात रिकामं ताट. तिनं अजून चुलीकडे नीट पाहिलं नव्हतं; तिच्यापुढचा माणूस बाजूला झाला, आणि दोघी समोरासमोर आल्या. आईच्या कपाळावर चंद्रकोर, नाकात नथ, गळ्यात काळे मणी. हात काठवटीत.

"शालन?" आत्याच्या हातातलं ताट कलंडलं. "आगं, शालन हाईस न्हवं तू?"

रांग थांबली. हौसाक्का तव्यावरची भाकरी उलटायची विसरली. मला तिचा करपट वास अजून आठवतो.

"माझा भाऊ जाऊन किती दिस झालं गं?" आत्याचा आवाज चढला. "आं? ह्या हातानं फोडल्यात मी तुझ्या बांगड्या. आनि तू हितं, लग्नाच्या मानसांत, नटून बसलीयास?"

शिंदेसाहेब धावत आले. त्यांनी एका क्षणात सगळं ओळखलं आणि आईच्या बाजूनं, खरंच आईच्या भल्यासाठी, हात जोडून म्हणाले, "ताई, ताई, गैरसमज होतोय. हा ड्रेस आहे. हॉटेलचा. खरं काही नाही यात. विचारा मावशींना." आणि आईकडे वळून हलकेच, "सांगा की हो मावशी."

सुटकेची वाट समोर उघडी होती. 'व्हय वन्सं, सोंग हाय' एवढंच म्हणायचं होतं. आत्या निवळली असती, रांग पुढं सरकली असती, काम राहिलं असतं. गावात दिवाळीला आम्हाला बाबांच्या घराचं दार उघडं राहिलं असतं. मी दारात उभी होते. पिशवीत बाईच्या हक्काचे कागद, आणि मीसुद्धा मनात म्हणत होते, आई, म्हण, म्हणून टाक.

आईनं हात काठवटीतून वर काढले. पीठ झटकलं. बांगड्या कोपराकडून खाली मनगटावर घरंगळल्या, वणावर येऊन थांबल्या.

"आदी सोंगच हुतं, वन्सं," ती म्हणाली. तिचा आवाज मोठा नव्हता, पण चुलीजवळच्या सगळ्यांना ऐकू गेला. "आता न्हाय. नथ साहेबांची हाय, मणी साहेबांचं हाईत. बांगड्या मला आवडत्यात म्हणून मी घालतो."

"आवडत्यात?" आत्याचा चेहरा रागानं नव्हे, दुःखानं वाकडा झाला. "माझा भाऊ असता तर..."

"ते असतं तर त्यांनीच भरल्या असत्या. सैल भरा म्हणून कासाराचं डोकं खाल्लं असतं. तुमाला ठावं हाय की."

आत्याला ठाऊक होतं. तिच्या तोंडावर ते दिसलं. एक क्षण दोघी बायका एकाच माणसाला आठवत एकमेकींकडे बघत राहिल्या. मग आईनं नवा गोळा घेतला, थापला, तव्यावर टाकला, वरून पाणी फिरवलं. भाकरी टम्म फुगली. ती तिनं आत्याच्या ताटात ठेवली. "गरम हाय. खावा." आत्यानं ती टाकून दिली नाही आणि खाल्लीही नाही. ताट तसंच धरून ती जिना चढून गेली. नंतर हौसाक्कानं वर जाऊन डोळ्यांनी पाहिलेलं सांगितलं, की रिसेप्शनभर ते ताट आत्याच्या मांडीवर होतं, आणि शेवटी भाकरी तिनं रुमालात बांधून पिशवीत घातली. हौसाक्का एरवी दहा गोष्टीत मीठमसाला घालते. ही मी खरी धरली आहे.

पत्रकं त्या दिवशी वाटली नाहीत. सोमवारी वाटली. यथावकाश त्या ओट्यावर पाठीला टेकायला फळ्या आल्या, आणि आठवड्यातून एकदा कामगारांना रस्सा. चळवळीच्या भाषेत याला आंशिक यश म्हणतात. हौसाक्कानं फळीला टेकून "हं, आता बसतीया नाटकातली राणी," असं म्हटलं, ती मला मिळालेली सगळ्यात मोठी पावती. वेष मात्र तोच राहिला.

आईचं काम गेलं नाही, पण तिची जागा गेली. शिंदेसाहेब म्हणाले, मावशी, रागावू नका, गिऱ्हाइकांपुढे वाद नको, तुम्ही आत कणीक-पिठाचं बघा. माझा पारा चढला. सोंग आहे म्हटलं असतं तर पुढे बसायला मोकळी, आणि खरं बोलली म्हणून आत! दुसरं पत्रक माझ्या डोक्यात तयार होतं, मथळ्यासकट. आई म्हणाली, आत पंखा हाय, बरं हाय. पण आतल्या बायकांना वेष नव्हता. त्यांना निळा अंगरखा आणि डोक्याला जाळी. पेटी आता दुसऱ्या बाईकडे गेली. आई घरी यायची ती पुसायचं काही नसलेलं कपाळ घेऊन, आणि आमच्या खोलीत पुन्हा नुसता थप-थप आवाज. गिरणी बंद असली की तो फारच एकटा ऐकू यायचा. मी वाचत असल्याचं सोंग करायची.

असे बरेच दिवस गेले. एका सुटीच्या दिवशी आई म्हणाली, "रुपे, चप्पल घाल. बाजारात जायचंय." मला वाटलं, ज्वारी आणायची. पण ती गिरणीवरून सरळ पुढं गेली, अंबाबाईच्या देवळाच्या दिशेनं, आणि कासाराच्या दुकानापुढे थांबली. आत बायकांची गर्दी होती. ती पायरीवर बसली. नंबर आल्यावर तिनं हात पुढे केला. म्हाताऱ्या कासारानं तो हातात घेतला, बोटं दाबून बघितली, मनगट फिरवलं. वणावर त्याचा अंगठा थांबला. मग त्यानं तिच्या मोकळ्या कपाळाकडे पाहिलं, आणि माझ्याकडे. मी तयारीत होते. एक वाकडा शब्द आला असता तर त्या दुकानात मी माझी सगळी पत्रकं तोंडपाठ म्हणून दाखवली असती.

"कुठला रंग, बाई?" त्यानं विचारलं.

"हिरव्याच."

परवा हे एवढं लिहून झालं तेव्हा आईला वाचून दाखवलं. तिचे गुडघे आता धरतात. ती खुर्चीवर बसून ओट्यावर भाकरी थापते. सगळं ऐकून म्हणाली, आत्या गेल्या वर्षी घरी आली तेव्हा माझ्या हाताकडं बघून काय म्हणाली तेवढं लिहू नगंस, ते आमच्या दोघींतलं हाय. म्हणून लिहीत नाही. तिनं सांगितलेली ओळ मी तेव्हाही काढली होती.

कासारानं लहान मापाचा जुडगा सोडला. आईची बोटं एकत्र दाबली, पहिली बांगडी हाडावर येऊन अडली. आईनं डोळे मिटले.

"कामाचा हात दिसतोय," कासार म्हणाला. "एक माप सैल भरू? सुकानं निघतील."

"न्हाय," आई म्हणाली. "घट्ट भरा."